विश्लेषण : परदेशातील अपुऱ्या साधनांच्या रुग्णालयात शिकाऊ डॉक्टरांनी जावे का? डॉ. कोटणीसांच्या वाटेवरून काय घेता येईल?

एमबीबीएसचे शेवटचे वर्ष किंवा इंटर्नशिप सुरू असली, की अनेकांच्या मोबाइलवर एक जाहिरात हमखास येते. 'आफ्रिकेत किंवा नेपाळमध्ये दोन-चार आठवडे रुग्णालयात स्वयंसेवा करा, अनुभव आणि प्रमाणपत्र मिळवा.' विमानभाडे, राहणे आणि संयोजकांचे शुल्क विद्यार्थ्याने भरायचे. हेतू चांगला असतो, मनात उत्साह असतो. पण तिथल्या रुग्णाला त्याचा उपयोग होतो का, आणि शिकाऊ डॉक्टरने तिथे नेमके काय करावे, हा प्रश्न जाहिरातीत नसतो. त्याचे उत्तर शोधताना ८० हून अधिक वर्षांपूर्वी सोलापूरहून चीनला गेलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याकडे पाहावे लागते. त्यांची कथा आपल्याला शौर्यकथा म्हणून माहीत असते. कामाची पद्धत म्हणून ती क्वचितच पाहिली जाते.

डॉ. कोटणीस चीनला कसे गेले?

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीने आक्रमण केले. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले आणि 'चीन दिन' पाळून सुमारे २२ हजार रुपयांचा निधी जमवण्यात आला. त्यातून पाच डॉक्टरांचे पथक आणि एक रुग्णवाहिका पाठवण्याचे ठरले.

पथकाचे नेते होते डॉ. अटल. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी जखमींवर उपचार केले होते. त्यांच्यासोबत नागपूरचे ज्येष्ठ डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी होते. पाचवे डॉ. कोटणीस. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले कोटणीस मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत होते. आजच्या भाषेत सांगायचे तर इंटर्नशिप संपवून पीजीच्या मागे लागलेला तरुण डॉक्टर. सप्टेंबर १९३८ मध्ये पथक मुंबईहून बोटीने निघाले, तेव्हा त्यांना २८ वे वर्षही पूर्ण झालेले नव्हते.

तिथे परिस्थिती कशी होती?

पथक आधी दक्षिण चीनमध्ये उतरले. जपानी फौजा पुढे सरकत होत्या तसतसे त्यांना एका शहरातून दुसऱ्या शहरात जावे लागले. या काळातच कोटणीसांना सोलापूरहून वडील गेल्याची बातमी कळली. तरी त्यांनी मोहीम सोडली नाही. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक वायव्येकडील येनानला पोहोचले. हे चिनी कम्युनिस्टांचे केंद्र होते. तिथे डोंगरात खोदलेल्या गुहांमध्ये रुग्णालये चालत. औषधे, उपकरणे, प्रशिक्षित माणसे, सगळ्याचाच तुटवडा होता.

चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच भारतात परतले. अटल त्यानंतर आले. बसू १९४३ मध्ये परतले आणि पुढे भारतात ॲक्युपंक्चर उपचारांची सुरुवात करणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले गेले. कोटणीस मात्र उत्तर चीनमधील आघाडीवरच राहिले. १९४० मधील एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या आणि ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले, असे सांगितले जाते. त्यांच्यावरील बहुतेक लेखांत ही ७२ तासांची नोंद असतेच.

मग त्यांचा खरा उपयोग कशात होता?

त्यांचा उपयोग त्या ७२ तासांच्या पलीकडच्या तीन गोष्टींत होता.

पहिली म्हणजे भाषा. कोटणीस चिनी बोलायला आणि लिहायलाही शिकले. 'कुठे दुखते', 'कधीपासून', 'आधी असे झाले होते का' हे तीन प्रश्न रुग्णाला त्याच्या भाषेत विचारता आले नाहीत, तर निदानाचा निम्मा रस्ता तिथेच बंद होतो. दुभाष्यातून घेतलेल्या माहितीत नेमके दुखणे हरवू शकते. साधी रक्ततपासणीही मिळत नाही अशा ठिकाणी रुग्णाचे बोलणे हीच मोठी तपासणी असते.

दुसरी गोष्ट मुक्काम. ते चार वर्षांहून अधिक काळ तिथे होते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर जखम भरली की चिघळली, टाके कसे टिकले, रुग्ण पुन्हा चालू लागला का, हे त्यांना दिसत होते. स्वतःच्या कामाचा परिणाम पाहता येणे हेच डॉक्टरचे खरे शिक्षण असते. दोन आठवड्यांत परतणाऱ्याला ते मिळत नाही.

तिसरी गोष्ट शिकवणे. जानेवारी १९४१ मध्ये ते डॉ. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाने हे रुग्णालय उभे राहिले होते. रुग्णालयाला जोडूनच वैद्यकीय शिक्षण चाले. तिथे कोटणीस स्थानिक तरुणांना शिकवत होते. एक डॉक्टर दिवसाला ठरावीक रुग्णच पाहू शकतो. त्याने घडवलेले विद्यार्थी मात्र तो गेल्यावरही काम करत राहतात.

९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ३२ वर्षांचे होते. परिचारिका असलेल्या गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी १९४१ मध्ये लग्न केले होते. त्यांचा मुलगा यिनहुआ तेव्हा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. कोटणीसांना चीनमध्ये 'के दिहुआ' म्हणून ओळखतात. हेबेई प्रांतातील शिजियाझुआंग शहरात त्यांचे स्मारक आहे आणि त्यांच्या नावाने वैद्यकीय शाळाही चालते. सोलापुरातील त्यांच्या घराचेही स्मारक झाले आहे.

याचा कोल्हापूरशी काय संबंध?

कोटणीसांची कथा भारतभर पोहोचवली ती कोल्हापूरच्या मातीत घडलेल्या व्ही. शांताराम यांनी. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेल्या आणि १९२९ मध्ये कोल्हापुरात 'प्रभात'च्या स्थापनेत सहभागी असलेल्या शांतारामांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. कोटणीसांची भूमिका त्यांनी स्वतः केली. पत्नीच्या भूमिकेत जयश्री होत्या. आज अनेकांच्या मनातले कोटणीस हे या पडद्यावरचे कोटणीस आहेत. पडद्यावर त्याग ठसतो. चिनी अक्षरे गिरवण्यात आणि वर्ग घेण्यात गेलेले महिने तितके ठसत नाहीत.

दुसरा संबंध शेजारच्या मिरजेचा आहे. कोटणीस इथून बाहेर गेले, तर मिरजेत परदेशी डॉक्टर आपल्याकडे आले.

मिरजेचा अनुभव काय सांगतो?

कॅनडात जन्मलेले विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले, तेव्हा ते नुकतेच डॉक्टर झाले होते. त्यांच्या दृष्टीने 'अपुऱ्या साधनांचा परदेश' म्हणजे आपला भाग. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय सुरू झाले. कोल्हापूर, सांगली आणि उत्तर कर्नाटकातून रुग्ण तिथे येत. वॉनलेस जवळपास चार दशके इथे राहिले. स्थानिक तरुणांना वैद्यकीय शिक्षण देण्याची सोय त्यांनी उभी केली. कुष्ठरोग आणि क्षयरोग्यांसाठीही काम सुरू झाले. क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाच्या परिसराला आजही वॉनलेसवाडी म्हणतात.

वॉनलेस मिशनरी होते. कोटणीस राष्ट्रीय चळवळीच्या हाकेला ओ देऊन गेले आणि शेवटच्या वर्षी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. दोघांच्या श्रद्धा वेगळ्या, काळ वेगळा. तरी दोघांच्या कामाची घडण सारखी दिसते. ते राहिले, तिथल्या लोकांत मिसळले आणि तिथल्याच माणसांना शिकवून गेले. मिरजेची 'वैद्यकनगरी' ही ओळख केवळ एका परदेशी डॉक्टरने केलेल्या शस्त्रक्रियांतून झालेली नाही. त्यामागे इथे तयार झालेल्या डॉक्टर-परिचारिकांच्या पिढ्या आहेत.

आजच्या अल्पमुदतीच्या स्वयंसेवेवर आक्षेप काय?

ब्रिटनसह अनेक देशांत वैद्यकीय विद्यार्थी शेवटच्या टप्प्यात काही आठवडे परदेशी रुग्णालयात घालवतात. याला 'इलेक्टिव्ह' म्हणतात. त्यातून चांगले अनुभव मिळतात यात शंका नाही. पण गेल्या दोन दशकांत त्यावर गंभीर चर्चाही झाली आहे.

सगळ्यात मोठा आक्षेप असा, की विद्यार्थ्याला मायदेशात ज्या कामाला हात लावू देत नाहीत, ते काम गरीब देशात करू दिले जाते. टाके, प्रसूती, कमरेतून पाणी काढणे, क्वचित शस्त्रक्रियाही. 'इथे डॉक्टरच नाहीत, काहीच नसण्यापेक्षा हा बरा' असा युक्तिवाद होतो. पण चुकीचा टाका, चुकीचा डोस किंवा ओळखू न आलेली गुंतागुंत यांचे परिणाम गरीब रुग्णावर अधिक जड पडतात. चूक सावरायला तिथे दुसरे रुग्णालय जवळ नसते आणि विद्यार्थी तोवर परतलेला असतो.

दुसरा आक्षेप भाराचा. पाहुण्या विद्यार्थ्याला सगळे दाखवायला, त्याच्यासाठी दुभाषा व्हायला तिथल्या डॉक्टर-परिचारिकांचा वेळ जातो. वॉर्डात ६० रुग्णांमागे दोन परिचारिका असतील, तर त्यातल्या एकीला अर्धा दिवस पाहुण्यासोबत फिरावे लागणे ही मदत होत नाही.

तिसरा आक्षेप रुग्णाच्या सन्मानाचा. परवानगीशिवाय काढलेले आणि समाजमाध्यमांवर टाकलेले रुग्णांचे, विशेषतः मुलांचे फोटो. सीपीआरच्या वॉर्डात जो फोटो काढायची आपली हिंमत होणार नाही, तो दुसऱ्या देशातही काढायचा नसतो.

या आक्षेपांची दखल घेऊन २०१० मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने जागतिक आरोग्य प्रशिक्षणासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. पाठवणारी संस्था, स्वीकारणारे रुग्णालय आणि विद्यार्थी या तिघांच्या जबाबदाऱ्या आधी ठरवाव्यात आणि यजमानांवर पडणारा खर्च व भार मोजावा, हा त्यांचा गाभा आहे.

युद्धग्रस्त भागांत काम करणारी 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' ही संघटना, म्हणजेच एमएसएफ, आपल्या प्रकल्पांवर विद्यार्थ्यांना पाठवत नाही. डॉक्टरांकडूनही पात्रतेनंतरच्या कामाचा अनुभव, साधारण किमान दोन वर्षांचा, अपेक्षित असतो. जिथे साधने सर्वांत कमी असतात, तिथे अनुभवी माणसाची गरज सर्वांत जास्त असते, हे त्यामागचे साधे कारण.

नियम काय सांगतात?

भारतात २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात 'इलेक्टिव्ह'साठी स्वतंत्र कालावधी आहे. तो कुठे आणि कोणाच्या मार्गदर्शनाखाली करायचा, हे कॉलेजच्या मान्यतेने ठरते. इंटर्नशिप १२ महिन्यांची आणि सक्तीची आहे. तिचे विभाग आणि हजेरी ठरलेली असते. त्यामुळे परस्पर परदेशात घालवलेले आठवडे इंटर्नशिपमध्ये धरले जातील, असे गृहीत धरू नये. लेखी परवानगी आधी घ्यावी.

जे विद्यार्थी परदेशातच एमबीबीएस करतात, त्यांच्यासाठी २०२१ चे नियम आहेत. किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आवश्यक आहे. भारतात परतल्यावर पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते. तिसऱ्याच देशातील स्वयंसेवेचे प्रमाणपत्र याला पर्याय ठरत नाही.

शिवाय प्रत्येक देशाचा नोंदणी कायदा असतो. भारतात नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय केल्यास राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या देशात आपण हे कडक पाळतो, तर दुसऱ्या देशाचा कायदाही तितकाच पाळायला हवा. पर्यटक व्हिसावर जाऊन रुग्ण तपासणे हा 'सेवाभाव' म्हणून माफ होत नाही.

स्वतःच्या तब्येतीची काळजी कोणती?

ज्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस संचालक झाले, त्या डॉ. बेथ्यून यांचा मृत्यू कसा झाला हे प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला माहीत असावे. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली, त्यातून रक्तात जंतुसंसर्ग पसरला आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले. आज उपाय उपलब्ध आहेत, पण ते सोबत असतील तरच उपयोगी पडतात.

• हेपॅटायटिस बी : लशीचे तीन डोस साधारण ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. म्हणजे तयारी किमान सहा महिने आधी सुरू करावी.

• सुई टोचल्यास : जागा साबण-पाण्याने लगेच धुवावी, पिळू नये. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, कमाल ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. ती त्या रुग्णालयात मिळतात का, हे निघण्यापूर्वीच विचारावे.

• पीतज्वर : आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांसाठी लस लागते. ती मान्यताप्राप्त केंद्रातच आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी. प्रमाणपत्राशिवाय पीतज्वराच्या देशातून भारतात परतल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

• जुने आजार : अपस्मार, दमा, मधुमेह असेल तर औषधांचा पूर्ण साठा, डॉक्टरांचे पत्र आणि आपत्कालीन स्थलांतराचा विमा हवा. कोटणीस झटके येत असतानाही काम करत राहिले. त्या काळी त्यांना परत आणण्याची सोय नव्हती. आज ती सोय असताना आजार लपवून जाण्यात शौर्य नाही.

जाण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत?

संयोजक संस्थेला किंवा रुग्णालयाला पुढील प्रश्न लेखी विचारावेत. उत्तर टाळले गेले, तर तेच उत्तर समजावे.

१. माझ्यावर देखरेख कोण करणार? त्या डॉक्टरचे नाव आणि पद काय?

२. मी काय करायचे आणि काय करायचे नाही, याची यादी आहे का?

३. मी भरलेल्या शुल्कातले किती रुग्णालयाला मिळते आणि किती संयोजकांना?

४. मला बोलावण्याची गरज रुग्णालयाने स्वतः सांगितली आहे का?

५. रुग्णांशी कोणत्या भाषेत बोलायचे? दुभाषा कोण असेल?

६. मी परतल्यावर हे काम कोण पुढे नेणार?

प्रत्यक्ष वॉर्डात एक नियम पुरेसा आहे. जे काम कोल्हापुरात आपल्या सरांच्या देखरेखीशिवाय करू देणार नाहीत, ते तिथेही एकट्याने करायचे नाही. 'मला हे येत नाही' असे म्हणता येणे हेही डॉक्टरी कौशल्यच आहे.

ज्यातून विद्यार्थी खरोखर उपयोगी पडतो अशी कामे मात्र भरपूर असतात. रुग्णांच्या नोंदी नीट लावणे, रक्तदाब-साखरेची नियमित मोजणी, ड्रेसिंगला मदत, औषधसाठ्याची यादी, हात धुण्याच्या सवयींची पाहणी. यात फोटोजोगे काही नसते, पण पुढच्या आठवड्यात येणाऱ्या डॉक्टरला त्याचाच आधार असतो.

परदेशच हवा का?

अपुऱ्या साधनांचे रुग्णालय पाहायला पासपोर्टच लागतो असे नाही. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या वाड्या-वस्त्यांत पावसाळ्यात सर्पदंशाचा रुग्ण किंवा अडलेली बाळंतीण वेळेत रुग्णालयात पोहोचणे आजही सोपे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था आणि हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्प कित्येक दशके काम करत आहेत. इथे भाषेची अडचण कमी, नोंदणीचा प्रश्न नाही आणि पुन्हा पुन्हा जाता येते. हेमलकशात माडिया भाषा शिकावी लागते, हा धडा तर कोटणीसांच्याच वाटेवरचा.

परदेशात जाऊच नये, असा याचा अर्थ नाही. वेगळे आजार, वेगळी व्यवस्था आणि कमी साधनांत चालणारे चोख काम पाहिल्याने डॉक्टर घडतो. पण जाताना 'मी मदत करायला चाललो' या भावनेपेक्षा 'मी शिकायला चाललो, आणि माझ्यामुळे कुणाचे नुकसान होणार नाही' ही भूमिका अधिक प्रामाणिक आहे. नंतर अनुभव वाढला, भाषा आली आणि राहण्याची तयारी झाली, की मदत करण्याची वेळ येते. कोटणीस रुग्णालयाचे संचालक झाले ते चीनमध्ये पाऊल ठेवल्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने.